हृदयाच्या कागदावरील दोन अक्षरे

भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यासारख्या गावी जालन्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून हृदयाच्या टू-डी इको तपासणीचा जो अहवाल येतो, त्यात रुग्णाचे नाव आणि वय वगळता बहुतेक सारा मजकूर दोन-तीन अक्षरी इंग्रजी संक्षेपांचा असतो; आणि ज्या इंद्रियावर जीवित अवलंबून, त्याचाच दाखला ज्याचा त्यास अगम्य राहतो.

या तपासणीचे तत्त्व मात्र सुबोध आहे. मनुष्याचा कान सेकंदास वीस हजारांपर्यंतची कंपने ऐकतो. इकोचे यंत्र वीस ते पन्नास लक्ष कंपनांचा ध्वनी छातीत सोडते आणि हृदयाच्या भिंतींवरून व झडपांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींतून धडधडत्या हृदयाचे चित्र उभे करते. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ साली हृदयाचा असा पहिला आलेख टिपला.

अहवालातील सर्वांत महत्त्वाचा आकडा ‘ई-एफ’ (इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे भरलेल्या रक्तापैकी बाहेर ढकललेला अंश) या अक्षरांपुढे असतो. डाव्या निलयात, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात, १२० मिलिलिटर रक्त भरले आणि आकुंचनानंतर ५० उरले, तर ७० बाहेर पडले. म्हणजे हा आकडा सुमारे ५८ टक्के झाला, आणि तो निकोप होय. अहवाल परदेशातून आला, तर ही अक्षरेही बदलतात : इटलीत हीच गोष्ट ‘एफ-ई’ अशी लिहितात, कारण तेथील भाषेत विशेष्य आधी येते. आणि तेवढ्यापुरता घोटाळा निरुपद्रवी आहे.

परंतु ‘ए-एस’ या अक्षरांची गोष्ट निराळी. इटालियन अहवालात त्यांचा अर्थ डावे अलिंद, म्हणजे हृदयाचा वरचा डावा कप्पा. आपल्याकडील अहवालात महाधमनीची झडप अरुंद होणे. त्यांपुढे ४० हा आकडा असेल, तर इटलीत तो चाळीस मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे प्रौढ पुरुषाच्या बाबतीत जवळजवळ स्वाभाविक कप्पा ठरेल. इकडे तोच झडपेच्या दोन्ही अंगांच्या दाबांतील सरासरी फरक समजला, तर पाऱ्याच्या चाळीस मिलिमीटरांचा तो फरक गंभीर व्याधीचे लक्षण होय. म्हणून नोकरीनिमित्त इटलीत राहिलेल्या आप्ताने तेथील अहवाल गावी आणल्यास, भाषांतर करणाराने अक्षरांआधी परिमाण पाहावे आणि प्रत्येक संक्षेप पूर्ण शब्दांत विस्तारून मगच त्याचा अर्थ लावावा.

परक्या भाषेतील कागद या प्रांतास नवा नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, कचेरीचे दप्तर उर्दूत चाले, आणि मराठी कुणब्यास आपल्याच जमिनीचा खुलासा दुसऱ्याकडून करून घ्यावा लागे. त्याच संस्थानात उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकासारखा विषयही उर्दूतून शिकविला व त्यासाठी ग्रंथांची भाषांतरे करविली. ती भाषा येथील रयतेची नसली, तरी वैद्यकाची परिभाषा देशी भाषेत आणता येते, एवढे त्या उद्योगाने निर्विवाद सिद्ध केले.

म्हणून इंग्रजी अहवाल वैद्यांसाठी खुशाल राहू द्यावा; पण त्याखाली चार ओळी मराठीत असाव्यात : हृदय किती जोमाने रक्त ढकलते, कोणती झडप अरुंद किंवा गळकी आहे, कोणता कप्पा वाढला आहे, आणि पुढे काय करावयाचे. ही तजवीज होईपर्यंत वाचकांनी संकोच न धरता या चार गोष्टी डॉक्टरांना विचाराव्यात आणि मिळालेले उत्तर त्याच कागदावर मराठीत लिहून घ्यावे.