वटहुकूम किती दिवस जगतो?

कायदा करणं संसदेचं काम, तो राबवणं सरकारचं. पण दोन्ही सभागृहांचं अधिवेशन एकाच वेळी चालू नसताना तातडीची गरज पडली, तर राज्यघटनेच्या कलम 123 नुसार राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वटहुकूम काढू शकतात. त्याला कायद्याइतकंच बळ असतं, आयुष्य मात्र मोजकं. संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा रीतसर कायदा झाला नाही, तर तो संपतो.

राज्यपालांनाही कलम 213 खाली असाच अधिकार आहे. त्याचा गैरवापर चव्हाट्यावर आणला तो पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांनी. 1967 ते 1981 या काळात बिहारमध्ये 256 वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले, काही तर तब्बल 14 वर्षं! विधिमंडळाला विचारायचंच नाही, असा हा कारभार. वाधवा स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. 1986 मध्ये न्यायालयाने या प्रथेला राज्यघटनेशी केलेली लबाडी ठरवलं. एका चिवट अभ्यासकाने लोकशाहीसाठी केलेलं हे फार मोठं काम आहे. 2017 मध्ये सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने आणखी बजावलं: वटहुकूम सभागृहापुढे ठेवणं सरकारला टाळता येणार नाही.