भिंगरी फिरते, रक्त वेगळे होते

मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाच्या हातातून रक्त काढले, की त्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि सोबतची साखर खात राहतात. साध्या तापमानाला साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. उपाशीपोटी साखर १३० असलेल्या माणसाचा नमुना दोन तास तसाच राहिला, तर प्रयोगशाळेत ती ११५ च्या आसपास भरू शकते. मधुमेहाची सीमारेषा आहे १२६. म्हणजे आजार असूनही अहवालात तो दिसत नाही. पोटॅशियमचे नेमके उलटे होते. ते पेशींतून बाहेर झिरपते आणि नसलेला दोष अहवालात उमटतो. साखरेसाठी फ्लोराइड घातलेली नळी वापरतात, पण तिचा पूर्ण परिणाम व्हायलाही तास-दोन तास जातात.

नमुना जालन्याच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचायला वेळ लागणार असेल, तर खात्रीचा उपाय एकच. रक्त जिथे काढले तिथेच पेशी आणि द्रव वेगळे करायचे. त्यासाठी सेंट्रिफ्यूज लागते. नळ्या धरून गरगर फिरणारा त्याचा भाग म्हणजे रोटर. हा रोटर स्वस्त आणि सुटसुटीत कसा करता येईल, यावर गेल्या दोन दशकांत बरेच काम झाले आहे.

गोफणीचे तत्त्व

ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवणाऱ्याला हे तत्त्व हाताने ठाऊक असते. फिरणारा दगड दोरी बाहेर ओढतो आणि वेग वाढला की ओढ वाढते. नळी अशीच फिरवली की जड पेशी तळाला दाबल्या जातात आणि पिवळसर द्रव वर राहतो. साखर कारखान्यात साखरेचे दाणे आणि मळी याच तत्त्वावर वेगळी होतात. दुधातून साय काढणारे सेपरेटर यंत्रही असेच चालते. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी ते १८७८ मध्ये तयार केले.

या ओढीचे गणित सोपे आहे. त्रिज्या दुप्पट केली तर ओढ दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. दहा सेंटीमीटर त्रिज्येचा रोटर मिनिटाला ३,००० फेरे घेतो, तेव्हा नळीवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे हजार पट ओढ येते. दहा ग्रॅमची नळी जणू दहा किलोची होते.

खर्च कुठे होतो?

समोरासमोरच्या दोन नळ्यांत फक्त एका ग्रॅमचा फरक असला, तर हजार पट ओढीत तो एक किलोचा होतो आणि सेकंदाला पन्नास वेळा रोटरला एका बाजूला खेचतो. यंत्र थरथरते, बेअरिंग झिजतात. रोटर तडकला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडू शकतात. म्हणून रोटर मजबूत धातूचा, अचूक तोललेला लागतो. त्याभोवती जाड कवच लागते आणि फिरताना उघडणार नाही असे झाकण लागते. जड रोटर फिरवायला मोटारही मोठी लागते आणि मोटारीला खंड न पडणारी वीज.

म्हणूनच रोटर हलका झाला की खर्चाची ही साखळी कडीकडीने सैल होते. फिरणाऱ्या वस्तूतली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात असते. वजन निम्मे केले तर त्याच वेगाला ऊर्जाही निम्मी राहते. मग लहान मोटार, हलके कवच आणि बॅटरीवरही काम भागते.

कागदाची चकती

हा विचार सर्वांत टोकाला नेला तो अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मनू प्रकाश यांनी. मेरठमध्ये जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेले प्रकाश २०१३ मध्ये युगांडात गेले होते. तिथल्या एका दवाखान्यात विजेअभावी सेंट्रिफ्यूज दार अडवायला ठेवलेले त्यांना दिसले. पुढे साद भामला आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘पेपरफ्यूज’ तयार केले. त्याचा शोधनिबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवून केलेली भिंगरी अनेकांनी लहानपणी फिरवली असेल. पेपरफ्यूज तसेच आहे. बटणाच्या जागी कागदाची चकती असते आणि तिच्यात समोरासमोर बसवलेल्या केसासारख्या बारीक नळ्यांत रक्त भरलेले असते. दोरा ओढला की पीळ सुटतो आणि वेगामुळे उलटा पीळ बसतो. ताकाच्या रवीची दोरी जशी आळीपाळीने ओढतात, तसाच हा प्रकार. दोराच आस होतो, बेअरिंग लागतच नाही. दोन ग्रॅम वजनाचे हे साधन २० सेंटमध्ये, म्हणजे त्या वेळच्या १३-१४ रुपयांत तयार झाले. प्रयोगात छोट्या चकतीने मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत वेग गाठला. रक्तातला द्रव वेगळा व्हायला दीड मिनिट पुरले.

त्याआधी २००८ मध्ये हार्वर्डमधल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने अंडी फेटण्याच्या हातयंत्राला नळी चिकटवून हेच साधले होते. २०१० मध्ये राइस विद्यापीठाच्या दोन विद्यार्थिनींनी भाजीतले पाणी झटकण्याच्या भांड्याचा रोटर केला. २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी बोटावर फिरणाऱ्या खेळण्यासारखे साधन तमिळनाडूत तिरुचिरापल्ली इथे ३९ रुग्णांवर वापरून पाहिले. मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग त्यातून सुमारे ५० मिनिटांत कळत होता. एरवी जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीला काही दिवस लागतात.

मधला मार्ग

मात्र भिंगरी सगळ्या चाचण्यांना पुरत नाही. बारीक नळीत रक्ताचे जेमतेम काही थेंब मावतात. रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत हे पाहून रक्तक्षयाचा अंदाज घ्यायला तेवढे पुरेसे आहेत. मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड यांच्या नेहमीच्या तपासण्यांना मात्र काही मिलिलिटर रक्त लागते.

तिथे उपयोगी पडतो तो ठरावीक कोनात नळ्या धरणारा, एकसंध, हलका रोटर. फिरताना नळ्या आडव्या होतात अशा रोटरला बिजागऱ्या आणि झुलत्या वाट्या लागतात. प्रत्येक जोड म्हणजे झिजेची एक जागा. ठरावीक कोनाच्या रोटरला हे जोड नसतात. वेगळा झालेला थर तिरका बसतो, एवढाच तोटा. चार-सहा नळ्यांपुरता असा रोटर लहान ठेवता येतो आणि बॅटरीवरही चालतो.

स्टीलसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात असा एकसंध तुकडा लेथवर कातून घेणे अवघड नाही. अवघड आहे ते त्याचा तोल साधणे आणि ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने, बंद कवचात फिरवून तो टिकतो का हे तपासणे. हे टाळून केलेला रोटर कितीही स्वस्त असला तरी दवाखान्यात ठेवण्यासारखा नाही. घरी मिक्सरच्या मोटारीवर नळ्या बसवून पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

रुग्णानेही एक गोष्ट जरूर विचारावी. नमुना गावात घेतला जात असेल, तर रक्त तिथेच वेगळे करणार की तसेच पाठवणार आणि प्रयोगशाळेत ते किती वेळाने पोहोचणार? साखरेचा आकडा लक्षणांशी जुळत नसेल, तर औषध बदलण्याआधी हा वेळ डॉक्टरांच्या कानावर घालावा.