मालट्रकचे इंजिन : लेखांक सातवा
टर्बोच्या दाबाची जुळवणी

मागील लेखांकात टर्बोचार्जरची रचना पाहण्यात आली. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर टर्बाइनचे चाक फिरते आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरील काँप्रेसरचे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते, हे त्यातून स्पष्ट झाले. वातावरणाच्या दाबापेक्षा जितका अधिक दाब इनटेक मॅनिफोल्डमध्ये तयार होतो, त्याला बूस्ट म्हणतात. गॅरेजमध्ये तो कधी किलोत तर कधी पाउंडात सांगितला जातो. प्रस्तुत लेखात बार हे एकक वापरले असून १ बार म्हणजे ढोबळमानाने १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर किंवा साडेचौदा पाउंड प्रति चौरस इंच होय. गेजवर १ बार बूस्ट दिसतो तेव्हा समुद्रसपाटीवर मॅनिफोल्डमधील एकूण दाब सुमारे २ बार असतो, कारण वातावरणाचा स्वतःचा १ बार गेज मोजत नाही. हा फरक पुढील संपूर्ण विवेचनात ध्यानात ठेवावा लागतो.

बूस्ट वाढवला की ताकद वाढते, ही समजूत ट्रकच्या व्यवसायात फार खोल रुजलेली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. डिझेल इंजिनात ताकद इंधनातून येते, आणि ते इंधन पूर्णपणे जळावे म्हणून हवा लागते. १ किलो डिझेल जळण्यास सिद्धान्ततः सुमारे साडेचौदा किलो हवा पुरते. परंतु सिलिंडरमध्ये इंधन आणि हवा यांना मिसळण्यास अत्यल्प अवधी मिळत असल्यामुळे, पूर्ण भारावरही काळा धूर येऊ नये अशी अपेक्षा असेल तर १८ ते २० किलो किंवा त्याहून अधिक हवा द्यावी लागते. म्हणून इंधनपंपाची मात्रा न बदलता केवळ बूस्ट वाढवल्यास धूर कमी होतो, पण ओढ फारशी वाढत नाही. आणि बूस्ट न वाढवता पंप वाढवल्यास धूर व उष्णता तेवढी वाढते. एक्झॉस्टमधून वाया जाणारी ऊर्जा हवा दाबण्यासाठी वापरण्याच्या ज्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली घेतले, तिचे मर्म अधिक इंधन स्वच्छपणे जाळण्याची सोय करणे हेच होते.

जुन्या, यांत्रिक इंधनपंपाच्या अनेक इंजिनांत बूस्टचा दाब मर्यादेत ठेवण्याचे काम वेस्टगेट करते. टर्बाइनच्या घरात एक छोटी झडप असते; ती उघडली की काही वायू चाकाला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातात आणि चाकाची गती आवरली जाते. ही झडप उघडणारा अॅक्च्युएटर म्हणजे पत्र्याची एक डबी असून तिच्या आत रबरी पडदा आणि त्याला विरोध करणारी स्प्रिंग बसवलेली असते. काँप्रेसरकडून आलेली बारीक नळी पडद्यावर बूस्टचा दाब आणते, आणि तो दाब स्प्रिंगच्या जोरापेक्षा अधिक झाला की पडद्याला जोडलेली सळई पुढे सरकून झडपेची कडी फिरवते. सळईच्या टोकाला आटे व लॉकनट असतात. सळईची लांबी कमी केली तर झडप अधिक घट्ट मिटून राहते, ती उघडण्यास अधिक दाब लागतो आणि बूस्ट वाढतो. लांबी वाढवली तर नेमके उलटे घडते. जुळवणी म्हणजे यांत्रिकदृष्ट्या एवढेच काम आहे, आणि ते इतके सोपे असल्यामुळेच त्यातून नुकसान होण्याचा संभव अधिक.

गेजवरचा आकडा आणि सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष पोहोचणारी हवा या दोन गोष्टी सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, कारण हवा दाबली की ती तापते आणि तापलेली हवा विरळ होते. बाहेरचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि काँप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास, दाब दुप्पट होताना हवा सुमारे १२५ अंशांपर्यंत तापते. त्यामुळे दाब दुप्पट झाला तरी हवेची घनता जेमतेम दीडपट होते. तीच हवा इंटरकूलरमधून ६० अंशांपर्यंत थंड होऊन आली तर घनता १.८ पटीवर जाते. आता बूस्ट अर्ध्या बारने वाढवून एकूण दाब अडीचपट केला, आणि काँप्रेसर त्याच्या सोयीच्या टप्प्याबाहेर गेल्यामुळे कार्यक्षमता ६५ टक्क्यांवर घसरली, तर हवा १७० अंशांच्या आसपास तापते आणि इंटरकूलर नसल्यास घनता केवळ १.७ पट होते. याचा अर्थ, दाबात अर्ध्या बारची भर घालूनही हवेचा लाभ किरकोळ राहतो, तर मॅनिफोल्ड आणि पिस्टन यांच्यावरील उष्णतेचा बोजा मात्र चांगलाच वाढतो. मळलेल्या किंवा गळक्या इंटरकूलरची स्वच्छता व दुरुस्ती ही अनेकदा सळईच्या दोन फेऱ्यांपेक्षा अधिक हवा मिळवून देते.

सिलिंडरवरील परिणाम याहून गंभीर आहे. सुमारे १७ पट संपीडन असलेल्या इंजिनात, पिस्टन वर येईपर्यंत सुरुवातीचा दाब साधारणपणे ४० ते ४५ पट होतो. २ बारने सुरुवात झाली तर इंधन पेटण्यापूर्वीच तो ८० ते ९० बार असतो; अडीच बारने सुरुवात झाली तर तो १०० च्या पुढे जातो, आणि ज्वलनाचा दाब त्यावर चढतो. बाहेरून अर्धा बार दिसणारी ही वाढ हेड गॅस्केट, हेडचे बोल्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांवर येते. शिवाय, टर्बाइनला अधिक काम करायला लावण्यासाठी तिच्यापूर्वी एक्झॉस्टचा दाबही चढवावा लागतो, आणि एका मर्यादेनंतर हा मागील दाब बूस्टपेक्षा वेगाने वाढू लागतो. मग जळालेले वायू सिलिंडरमधून पूर्णपणे बाहेर पडत नाहीत आणि ताज्या हवेची जागा अडते. गेजचा काटा वर जात असताना गाडीची ओढ घटणे या अवस्थेत शक्य असते.

म्हणून बूस्ट कमी आढळला, तर प्रथम विचारायचा प्रश्न तो का कमी झाला हा असतो. एअर फिल्टर चोंदलेला असणे, काँप्रेसरनंतरच्या होज पाइपची क्लिप ढिली असणे, टर्बाइनपूर्वी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून वायू निसटणे, वेस्टगेटची झडप काजळीने अर्धवट उघडी अडकणे, नोझल झिजल्यामुळे इंधनच कमी जाणे, या प्रत्येक कारणाने गाडी ओढत नाही आणि यांपैकी एकाचाही इलाज सळई आखूड करण्यात नाही. गळती तशीच ठेवून सळई आवळली, तर निसटणारी हवा भरून काढण्यासाठी चाक अधिक वेगाने फिरते. मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या आसपास किंवा पुढे फिरणाऱ्या, केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगणाऱ्या दांड्याला ही जादा गती परवडत नाही. होजच्या सांध्याभोवती तेलकट काळपट डाग, चढावर येणारी शिट्टी किंवा सुसाट्याचा आवाज, आणि साबणाच्या पाण्याला येणारे बुडबुडे या खुणा पाहण्यास महागडे साधन लागत नाही. उलट बाजूची एक खूणही सांगण्यासारखी आहे : अॅक्च्युएटरची बारीक नळी फाटली किंवा निसटली, की झडप उघडतच नाही, बूस्ट बेलगाम चढतो, आणि गाडीला अचानक पिकअप आल्याचा आनंद काही दिवस टिकून मग टर्बोचे किंवा इंजिनचे काम निघते.

सर्व सांधे निर्दोष असल्याची खात्री झाल्यावरच मोजमापाकडे वळावे. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस दिल्याने खरा बूस्ट कळत नाही, कारण इंजिनवर भार नसताना एक्झॉस्टमध्ये टर्बाइन जोमाने फिरवण्याइतकी ऊर्जाच नसते. इनटेक मॅनिफोल्डला गेज जोडून, भरलेली गाडी कसारा किंवा बोरघाटासारख्या लांब चढावर योग्य गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरवर चालवूनच तो वाचावा. अॅक्च्युएटरची परीक्षा वेगळी असते. त्याची नळी काढून तेथे रेग्युलेटरमधून स्वच्छ हवा देतात, सळईच्या टोकाला डायल गेज लावतात आणि कंपनीने सांगितलेल्या दाबाला सळई ठरलेल्या मिलिमीटरइतकी सरकते की नाही हे पाहतात. फरक आढळल्यास दाब देऊन सळई सैल करावी, कडीच्या पिनेवरून टोक उतरवावे, आणि सळई एका हाताने स्थिर धरून फक्त टोक अर्धी फेरी फिरवावे. सळईच फिरली तर आतला पडदा पिळवटून फाटतो. अनेक अॅक्च्युएटरांत एका पूर्ण फेरीने लांबी सुमारे १ मिलिमीटर बदलते, म्हणून अर्ध्या फेरीनंतर पुन्हा मोजणे, लॉकनट आवळणे आणि रस्त्यावर खात्री करणे हा क्रम मोडू नये.

उंचीचा विचारही येथे आवश्यक ठरतो. अॅक्च्युएटरच्या पडद्याची दुसरी बाजू बाहेरच्या हवेला उघडी असल्यामुळे तो वातावरणापेक्षा किती अधिक दाब आहे एवढेच ओळखतो. समुद्रसपाटीवर १ बार बूस्टसाठी हवा दुप्पट दाबावी लागते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहला वातावरणाचाच दाब ०.६५ बारच्या आसपास असल्याने तोच १ बार गाठण्यासाठी अडीचपट दाबणे भाग पडते, आणि चाक त्या प्रमाणात अधिक वेगाने फिरते. जवाहरलाल नेहरू बंदरावरून निघून नाशिक वा पुणे गाठणाऱ्या गाडीला हा फरक फारसा जाणवणार नाही. परंतु किनाऱ्यावर सळई शेवटच्या मर्यादेपर्यंत आवळलेली गाडी हिमालयाकडे गेली, तर टर्बो सुरक्षित गतीबाहेर जाण्याचा धोका खरा आहे.

पंपावरील धूरमर्यादकाचा संबंध या सर्वांशी येतो. मॅनिफोल्डमधून आलेल्या नळीच्या दाबावर चालणारा हा पडदा, बूस्ट तयार होईपर्यंत इंधनाची मात्रा रोखून धरतो. त्यामुळे गळती असेल तर गाडी धूर न काढताही मंद होते, आणि कंटाळून हा मर्यादक सैल केला की काळ्या धुराचे लोट निघतात, ज्यांची किंमत मागून येणारा प्रवासी आणि रस्त्याकडेला राहणारे लोक मोजतात. पंपाची मात्रा म्हणूनच कॅलिब्रेशनच्या बेंचवर, बूस्टच्या मूळ आकड्याशी मेळ घालून ठरवावी.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या ट्रकमध्ये बूस्टची मर्यादा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. दाब अपेक्षेहून कमी किंवा जास्त आढळल्यास तो दोषसंकेत नोंदवतो आणि प्रसंगी ताकद कमी करतो. तेथे सळईला हात लावण्याचे काम गॅरेजचे राहत नाही. फिल्टर, क्लिपा, होज आणि इंटरकूलर मात्र या गाड्यांतही तेच आहेत, आणि दोषसंकेत वाचल्यानंतरची पहिली तपासणी तेथूनच सुरू होते. या संकेतांचे वाचन आणि त्यांतून खरे कारण शोधण्याची पद्धत पुढील लेखांकात येईल.

(क्रमशः)