पंप वेळेवर बंद होत नाही? आयसी बदलण्याआधी हे तपासा

सूत रंगवणाऱ्या लहान कारखान्याचे सारे काम पाण्यावर चालते. पंप सुरू करून कारागीर दुसऱ्या कामाला लागला आणि विहिरीचे पाणी तुटले, तर कोरड्या पंपाचे सील तापून जळते. पाणबुडी मोटर तर पाण्यानेच थंड राहते. स्टार्टरचा ओव्हरलोड इथे उपयोगी पडत नाही. तो वाढलेल्या करंटवर पडतो. कोरड्या पंपाचा करंट उलट घटतो. मोटर भरून येईपर्यंत रंगखाना बंद, माल अडकलेला आणि मजुरी अंगावर.

म्हणूनच अनेक कारखानदार बंधू मिस्त्रीकडून टायमर बनवून घेतात. बटण दाबले की पंप सुरू, ठरलेल्या मिनिटांनी बंद. आमच्या रंगखान्यातही असाच टायमर आहे. तो बिघडला की मिस्त्री प्रथम ५५५ नंबरचा आयसी बदलतो. आमचा तजुर्बा असा की दोष बहुधा दुसरीकडे असतो.

पहिली तक्रार : पंप थांबतच नाही. हिशेबाप्रमाणे १ मेगओहमचा रेझिस्टर आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास ११०० सेकंद, म्हणजे अठरा मिनिटांहून थोडा अधिक वेळ मिळतो. १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये कपॅसिटर ८ व्होल्टपर्यंत भरला की आयसी पंप तोडतो. पण त्या वेळी रेझिस्टरमधून जेमतेम ४ मायक्रोअँपिअर करंट येत असतो. उष्णतेत जुना झालेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तेवढा करंट आतल्या आत गळू देतो. येते तितकेच जाते; ८ व्होल्ट होतच नाहीत. डिजिटल मीटरने तपासा. काट्याचे मीटर स्वतःच तो करंट खाते.

कपॅसिटर बदलून काही महिने निभावेल. कायमचा उपाय म्हणजे सीडी ४०६० हा मोजणी करणारा आयसी. त्याला ०.४७ मायक्रोफॅरडचा साधा, न गळणारा कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला, तर ८१९२ ठोके मोजून तो सुमारे १५ मिनिटांनी पंप तोडतो.

दुसरी तक्रार : वीज जाऊन आली की पंप आपोआप सुरू होतो. रात्री कोणी नसताना हे फार धोक्याचे. ५५५ची ४ नंबरची पिन थेट पुरवठ्याला जोडलेली असेल, तर तिथे रेझिस्टर व कपॅसिटर लावून वीज येताच आयसी क्षणभर बंद राहील अशी सोय करावी. २ नंबरच्या पिनवरचे बटण अडकलेले नाही ना, तेही पाहावे.

तिसरी तक्रार : रिले टक् करते, दिवा विझतो, तरी पंप चालूच. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्याने रिलेचे पॉइंट चिकटतात. रिलेवर मोटरचा भार टाकू नये. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी, मोटर कॉन्टॅक्टरने. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड हवाच, नाहीतर झटक्याने टायमर भरकटतो.

दुरुस्तीआधी मेन स्विच काढून फ्यूज खिशात ठेवावा. दुरुस्त टायमर आधी बल्बवर तीन वेळा चालवून पाहावा, मगच पंपाला जोडावा. आणि उन्हाळ्यात विहिरीचे पाणी किती मिनिटे पुरते ते मोजून वेळ कमी करावी. टायमरला मिनिटे कळतात, पाणी कळत नाही.