स्वस्त दुकान कोणतें?

किराणा मालाचीं साखळी-दुकानें, म्हणजे एकाच मालकीचीं, एकाच नांवाचीं व गांवोगांव एकाच पद्धतीनें चालणारीं दुकानें, यांचा आपल्याकडील बोलबाला गेल्या पंचवीस वर्षांतला आहे. गणपतीस मुंबईहून येणारा चाकरमानी आतां नुसता मिठाईचा पुडा आणीत नाहीं. तो साखर, डाळ, तेल व साबण यांनीं भरलेल्या दोन पिशव्याहि आणतो, आणि ‘तिकडे स्वस्त पडतें’ असें सांगतो. त्याचें म्हणणें खरें कीं खोटें, हें ठरवावयाचें कसें? भाव व प्रत यांची तुलना कोणत्या रीतीनें करावी आणि ती करतांना फसगत कोठें होते, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. ज्या घरीं महिन्याच्या मिळकतीचा मोठा भाग वाणसामानांतच जातो, त्या घरीं ह्या हिशेबांतील चूक मुलांच्या वह्यापुस्तकांच्या पैशांतून भरून काढावी लागते.

पुष्कळ गिऱ्हाइकांची खरेदी एकत्र केली म्हणजे माल स्वस्त व निर्भेळ मिळतो, ही कल्पना कांहीं नवी नव्हे. इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं 1844 सालीं विणकर व इतर कारागीर मिळून अठ्ठावीस जणांनीं पीठ, लोणी, साखर असल्या मोजक्या जिनसांचें दुकान घातलें, आणि होणारा नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणांत वांटून दिला. मुंबईस नायगांवांत गिरणी-कामगारांनीं 1948 सालीं सहकारी तत्त्वावर जें ग्राहक-भांडार काढलें, तेंच पुढें ‘अपना बझार’ म्हणून प्रसिद्धीस आलें. 1975 त स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें तर दुकानच काढून टाकलें. शेजारचीं कुटुंबें मिळून संघ करितात, महिन्याची यादी आगाऊ देतात, व घाऊक खरेदीचा माल त्यांच्यांत वांटला जातो. यानंतर खासगी भांडवलाचीं दुकानें आलीं: 2001 सालीं ‘बिग बझार’, आणि 2002 सालीं पवईस पहिलें दुकान उघडणारें ‘डी-मार्ट’.

ह्या शेवटच्या दोन दुकानांची तुलना मोठी बोधप्रद आहे. डी-मार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांनीं शक्य तेथें जागा भाड्यानें न घेतां विकत घेण्याचें धोरण ठेविलें. माल पुरविणाऱ्यांचे पैसे लवकर चुकते करून त्यांच्याकडून भाव कमी करून घेतला. आणि झपाट्यानें खपेल तोच माल मांडला. सणावारीं मोठी सूट देण्यापेक्षां रोजचाच भाव उतरता ठेवावा, असा त्यांचा रोख. बिग बझारचा सारा जोर सवलतीच्या दिवसांवर व जाहिरातीवर होता. दुकानें बहुतांशीं भाड्याच्या जागेंत. पुढें कर्ज व थकलेलें भाडें डोईजड झालें, आणि 2022 सालीं त्यांतील अनेक जागा रिलायन्सच्या ताब्यांत गेल्या. स्वस्ताईस कोठें तरी कारण असावें लागतें. तें जागेंत, रोकडींत वा खपांत दिसत नसेल, तर वेष्टनावरील वजन वाचून पाहावें.

आतां प्रत्यक्ष तुलना. बहुतेक लोक चारपांच जिनसांचे भाव विचारतात आणि ज्या दुकानीं अधिक जिनसा स्वस्त तें दुकान स्वस्त, असें ठरवितात. ही रीत चुकीची आहे. कशी, तें कल्पित आंकड्यांनीं पाहूं. समजा, पहिल्या दुकानीं तांदूळ 54 रुपये किलो, तूरडाळ 150, साखर 42, तेल 140 रुपये लिटर व अर्धा किलो चहा 250 रुपयांस आहे. दुसऱ्या दुकानीं ह्याच जिनसा अनुक्रमें 50, 156, 46, 145 व 240 रुपयांस आहेत. डाळ, साखर व तेल ह्या तीन जिनसा पहिल्या दुकानीं स्वस्त, दुसऱ्या दुकानीं दोनच. परंतु आपल्या कोंकणांतल्या भातखाऊ घरीं महिन्यास 20 किलो तांदूळ, 4 किलो डाळ, 4 किलो साखर, 4 लिटर तेल व अर्धा किलो चहा लागतो असें धरा. पहिल्या दुकानचें देणें 2658 रुपये होतें, दुसऱ्याचें 2628. म्हणजे दुसरेंच दुकान 30 रुपयांनीं स्वस्त! आतां घाटावरून बदलून आलेल्या शेजाऱ्याचें घर घ्या. त्यांच्याकडे पोळी-भाकरीचें जेवण. तांदूळ 8 किलोच लागतो, बाकीच्या जिनसा तेवढ्याच, आणि गव्हाचा भाव दोन्हीकडे सारखा. त्यांचा हिशेब पहिल्या दुकानीं 2010 व दुसऱ्या दुकानीं 2028 रुपये. दुकानें तींच, भाव तेच, आणि उत्तर मात्र उलटें. विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण स्वतः मांडून पाहावें, आणि मग आपल्या घरची यादी आईकडून मागून घेऊन तीच कृति करावी. पाटीवर ‘सर्वांत स्वस्त’ असें लिहिणाऱ्यास आपल्या घरचा तांदूळ किती लागतो हें ठाऊक नसतें.

दुसरी फसगत ‘सूट’ ह्या शब्दांत आहे. 1990 सालापासून वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. तीहून अधिक घेणें हा गुन्हा आहे. कमी घेण्यास मात्र मुभा आहे. सूट मोजली जाते ती ह्या छापील आंकड्यावरून. एका चहावर 200 छापून शेंकडा 25 सूट दिली तर 150 पडतात. दुसऱ्यावर 140 च छापले असले व सूट मुळींच नसली, तरी तोच स्वस्त. वजनाचीहि हीच गोष्ट. एक लिटर खाद्यतेल साधारणतः 910 ग्रॅम भरतें. शेजारीं तशीच दिसणारी 850 ग्रॅमची पिशवी 135 रुपयांस असेल आणि लिटरची 140 रुपयांस, तर हात सहज 135 कडे जातो. पण किलोच्या हिशेबानें लिटरचें तेल सुमारें 154 रुपये पडतें आणि तें दुसरें सुमारें 159. 2021 सालीं नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हां ठराविक वजनांचें बंधन उठलें; त्याबरोबरच दर ग्रॅमची, किलोची वा लिटरची किंमत वेष्टनावर छापणें आवश्यक ठरलें. तो आंकडा बारीक अक्षरांत असतो. आजीस चष्म्यावांचून तो दिसणार नाहीं. तरुण डोळ्यांचा उपयोग येथें व्हावा.

प्रतीविषयीं पुष्कळ भ्रम आहे. एकाच कारखान्याचा सीलबंद माल राम आळींतल्या वाण्याकडे घेतला काय आणि मुंबईच्या थंडगार दुकानांत घेतला काय, प्रत तीच. तेथें भाव व तारीख एवढींच पाहावयाचीं. ज्याच्याकडे उठाव जास्त, त्याच्याकडची तारीख बहुधा ताजी. खरी परीक्षा लागते ती सुट्या मालाची, आणि साखळी-दुकानांनीं स्वतःच्या नांवानें बांधलेल्या पुड्यांची. पुड्यावर माल कोणी तयार केला किंवा बांधला त्याचें नांव व अन्न-परवान्याचा चौदा आंकडी क्रमांक आहे कीं नाहीं तें पाहावें. ॲगमार्कची प्रतवारी 1937 च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. मसाल्यांवर व मधावर ती असल्यास बरें. बाकीची परीक्षा सुपांत आणि चुलीवर होते. 100 रुपये किलोच्या डाळींतून 50 ग्रॅम खडे व फोलपट निघालें तर खरा भाव 105 रुपयांच्या वर गेला. दोन दुकानांची डाळ सारख्या पाण्यांत व सारख्या वेळांत शिजवून पाहावी. जी उशिरा शिजते तिच्या स्वस्ताईचा वांटा इंधनांत जातो. उकड्या तांदळाच्या बाबतींत तर मी आपल्या बाजारांतील जुन्या दुकानदाराच्या शब्दावर छापील वेष्टनापेक्षां अधिक विसंबतों. तो माल कोणत्या गांवचा आहे हें त्यास सांगतां येतें.

शिवाय कोंकणचा पावसाळा आहे. ‘दोनावर एक फुकट’ म्हणून जुलईंत घेतलेल्या रव्यास व डाळीस महिन्याभरांत कीड लागते, आणि फुकटचा तिसरा पुडा कोंबड्यांपुढें टाकावा लागतो. आपल्या आज्या बेगमी करीत, ती उन्हाळ्यांत माल वाळवून व डबे घट्ट बंद करून, पावसांत नव्हे. दूरच्या दुकानीं जाण्याचें भाडें व मोडलेला अर्धा दिवस हींहि बिलांत मिळवावीं. आणि गांवचा वाणी जें देतो पण बिलांत लिहीत नाहीं, त्याचीहि किंमत धरावी: पगार लांबला तर महिनाभराची उधारी, अर्धा पाव मोहरीहि न कुरकुरतां बांधून देणें, खराब निघालेला माल विनाचिठ्ठी परत घेणें. मोलमजुरी करणाऱ्या घरास ही सोय मोठ्या दुकानांतल्या पंचवीस-तीस रुपयांच्या बचतीहून जड ठरते. नियमित पगाराच्या घरास तिची गरज नाहीं. त्यानें ती किंमत उगीच कां द्यावी, असें विचारणाऱ्यासहि मी चूक म्हणणार नाहीं.

मासळी व भाजी ह्या तुलनेंतून वगळलीं आहेत. त्यांचा भाव सकाळीं एक व संध्याकाळीं दुसरा असतो, आणि बांगड्याचा भाव ठरतो तो दुकानांत नव्हे, होड्या बंदराला लागतात तेथें.