कुत्रा चावल्यास कायदेशीर उपाय (भारत)

दुसऱ्याच्या पाळीव कुत्र्याच्या चाव्यामुळे किंवा हल्ल्यामुळे जखमी झालेल्या व्यक्तीला भारतात दोन प्रमुख कायदेशीर मार्ग उपलब्ध आहेत: मालकाविरुद्ध फौजदारी तक्रार आणि नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा. हे दोन्ही मार्ग एकाच वेळी अवलंबता येतात. केवळ श्वानदंशासाठी केलेला स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही.

फौजदारी तरतुदी

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ प्राण्याबाबतच्या हयगयीशी संबंधित आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास किंवा जबर दुखापतीचा संभाव्य धोका असताना जाणूनबुजून अथवा हयगयीने पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये कारावासाची मुदत हीच होती; मात्र दंडाची मर्यादा १,००० रुपये होती. हा गुन्हा दखलपात्र व जामीनपात्र आहे. तो सिद्ध होण्यासाठी कुत्रा चावला एवढे पुरेसे नसते. धोका संभाव्य होता आणि खबरदारी अपुरी होती, हे दाखवावे लागते.

बेदरकार किंवा हयगयीच्या कृतीमुळे दुखापत झाल्यास कलम १२५ लागू होऊ शकते. त्यात साध्या दुखापतीसाठी ६ महिन्यांपर्यंत, तर जबर दुखापतीसाठी ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मृत्यू ओढवल्यास कलम १०६ विचारात घेतले जाते. कुत्रा मुद्दाम अंगावर सोडणे हा अधिक गंभीर गुन्हा आहे. प्राण्याचा साधन म्हणून वापर करून इच्छापूर्वक दुखापत करणे कलम ११८ खाली येते.

मुंबईत २०१० साली रॉटवायलर जातीच्या कुत्र्याने एका ज्येष्ठ नागरिकाचा चावा घेतला होता. या प्रकरणी दंडाधिकारी न्यायालयाने २०२३ मध्ये मालकाला ३ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. घटना आणि निकाल यांत सुमारे १३ वर्षे गेली.

दिवाणी दावा

वैद्यकीय खर्च, बुडालेले उत्पन्न, शारीरिक वेदना आणि कायमचे अपंगत्व यांबद्दलची भरपाई अपकृत्य कायद्यानुसार मागता येते. या कायद्याची तत्त्वे मुख्यतः इंग्लिश सामान्य कायद्यातून आलेली आहेत. त्यांनुसार कुत्रा आक्रमक असल्याचे मालकाला आधीपासून ठाऊक असेल, तर त्याची हयगय वेगळी सिद्ध करण्याची गरज नसते. अन्यथा पट्टा न बांधणे, फाटक उघडे ठेवणे यांसारखी हयगय दाखवावी लागते. त्यामुळे पूर्वीच्या चाव्यांची किंवा तक्रारींची नोंद निर्णायक ठरू शकते. दावा सर्वसाधारणपणे ३ वर्षांच्या आत दाखल करावा लागतो.

फौजदारी खटल्यात दोष सिद्ध झाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ नुसार न्यायालय जखमी व्यक्तीला भरपाई देण्याचा आदेश देऊ शकते. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व अपंग व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये मोफत विधी साहाय्य मिळू शकते.

मालकाचा बचाव

जखमी व्यक्तीने कुत्र्याला डिवचले होते, ती विनापरवानगी आवारात शिरली होती किंवा पुरेशी खबरदारी घेतली होती, असा बचाव मालक घेऊ शकतो. जखमी व्यक्तीचीही अंशतः चूक आढळल्यास भरपाई कमी होऊ शकते.

उपचार आणि पुरावा

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. त्यामुळे उपचार हे तक्रारीच्या आधी येतात. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालयात जाणे आवश्यक असते. खोल जखमांमध्ये लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही दिले जाते. रुग्णालयातील नोंदी, लसीकरणाचे कागद, देयके, जखमेची छायाचित्रे, साक्षीदारांची नावे आणि सीसीटीव्ही चित्रण हा पुढे महत्त्वाचा पुरावा ठरतो. कुत्र्याच्या लसीकरणाची व महानगरपालिकेच्या परवान्याची माहितीही उपयोगी पडते.

पोलिसांनी तक्रार न नोंदवल्यास पोलीस अधीक्षकांकडे आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. सूड म्हणून कुत्र्याला ठार करणे किंवा अपंग करणे हा मात्र कलम ३२५ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे.

भटके कुत्रे

मालक नसलेल्या कुत्र्यांबाबत जबाबदारीचा प्रश्न स्थानिक स्वराज्य संस्था व राज्य शासनाकडे वळतो. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार अशा कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण केले जाते. केरळमधील भरपाईच्या दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती सिरी जगन समिती नेमली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये, तर मांस निघालेल्या जखमेच्या प्रत्येक ०.२ सेंटिमीटरमागे किमान २०,००० रुपये भरपाई ठरवून दिली.