गरम झाली की बंद: अण्णांची बीएसए आणि पसरणीचा घाट

सुरुवातीला जो धप-धप-धप आवाज ऐकलात, तो ट्रॅक्टरचा नाही. ताईने तसं विचारलंय, म्हणून आधीच सांगून टाकतो. ती आमची बीएसए एम-२० आहे, १९४२ सालची, आणि तो आवाज मागच्या शनिवारी सकाळी वाईत आमच्या अंगणात रेकॉर्ड केलाय. ज्यांना ऐकायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहून काढलंय. बोलताना झालेलं 'म्हणजे, म्हणजे' गाळलंय, आणि जिथे हातवारे करून सांगत होतो तिथे चार वाक्यं जोडलीत.

आधी गाडीची ओळख. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बीएसए कंपनीने बर्मिंगहॅममध्ये सव्वा लाखाच्या वर एम-२० बनवल्या. एक सिलिंडर, ४९६ सीसी, आणि ताकद किती? १३ हॉर्सपॉवर! आजच्या १५० सीसीच्या बाइक याच्या आसपास किंवा वरच असतात. वजन मात्र १६५ किलोच्या घरात. मागे सस्पेन्शनच नाही, सीटखालच्या स्प्रिंगा हेच काय ते सुख. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. जुनी बुलेट चालवलेल्यांना यात नवल नाही, पण माझ्यासारख्या ॲक्टिव्हावर वाढलेल्याने पहिल्या दिवशी ब्रेक म्हणून गिअर दाबला आणि शेजाऱ्यांच्या कुंडीची भरपाई दिली.

युद्धानंतर सैन्याच्या अशा बऱ्याच गाड्या इथेच विकल्या गेल्या. त्यातलीच एक पणजोबांनी घेतली, असं घरात सांगतात. अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती तरुणपणी भरपूर हाणली. आता अण्णा ८४ वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, पण कान शाबूत आहेत. कानांचं पुढे येईलच.

तर प्रॉब्लेम असा की गाडी गरम झाली की बंद पडायची. सकाळी दोन किकमध्ये चालू, वीस मिनिटं मजेत, आणि मग फट्-फट् करून गप्प. अर्धा तास थांबा, पुन्हा चालू. गेल्या पावसाळ्यात बाबा पसरणीच्या वळणावर असे अडकले, मागून ट्रक, समोर धुकं. त्या दिवशी बाबांनी ठरवलं की पुरे. मुंबईचा एक गिऱ्हाईक तयार होता. मी हातापाया पडून मुदत मागितली. बाबा म्हणाले, "दसऱ्यापर्यंत घाट चढून-उतरून दाखव, न थांबता. नाहीतर देऊन टाकू. अण्णांना मी सांगेन." अण्णांना कोण सांगणार यावरच खरं तर सगळं अडलं होतं.

आता मी सॉफ्टवेअरवाला. 'माझ्या मशीनवर चालतंय' ही तक्रार मी रोज ऐकतो. जो बग फक्त कधीतरी येतो आणि बघायला गेलं की गायब होतो, तो सगळ्यात वाईट. आणि इथे तर एकाच लक्षणाखाली दोन बग लपलेले निघाले. तिथेच आमचे आठ महिने गेले.

पहिला बग पेट्रोलचा. पुण्यातल्या एका गॅरेजने टाकी आतून गंजली म्हणून लायनिंग केलं होतं, वर छान हिरवा रंगही दिला होता. पण आज पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांच्या रबराला ते चालत नाही आणि काही लायनिंगही ते सोलून काढतं. आमचं लायनिंग पापड सुटावा तसं सुटलं, त्याचे तुकडे पेट्रोल कॉकच्या जाळीत जाऊन बसले. टाकी साफ केली, जाळी बदलली, नळी बदलली. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, म्हणून कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा टाकला. कॉम्प्रेशन पाचाच्या आसपास, त्यामुळे ऑक्टेनची चिंता या गाडीला नाही.

एवढं करून मी जाहीर केलं की झालं! तिसऱ्या दिवशी मेणवलीच्या रस्त्यावर गाडी पुन्हा बंद.

इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण कोणत्याही जुन्या गाडीला उपयोगी आहे. बंद पडताना गाडी कशी पडते ते लक्षात ठेवा. पेट्रोल कमी पडलं तर ती हळूहळू मरते, खोकते, कार्ब्युरेटरमधून शिंकते, थ्रॉटल कमी केला तर जरा सावरते. ठिणगी गेली तर मिस व्हायला लागते, सायलेन्सरमध्ये फटाका फुटतो, आणि दिवा मालवावा तशी जाते. थांबल्या थांबल्या प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. (गरम इंजिनाजवळ हे सांभाळून, आणि ठिणगी तपासायची तर पेट्रोलच्या वाफेपासून लांब.) मेणवलीला माझा प्लग ओला होता. म्हणजे माझा पहिला शोध खरा होता, पण अर्धाच.

दुसरा बग मॅग्नेटोचा. यात थोडं खोलात जाऊ, कारण मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

या गाडीला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. सिलिंडरच्या मागे लुकासचं मॅगडायनो बसलंय, खाली मॅग्नेटो, वर दिव्यांसाठी डायनामो. मॅग्नेटोच्या आत एक आर्मेचर फिरतं, त्यावर दोन गुंडाळ्या: एक जाड तारेच्या थोड्या वेढ्यांची, दुसरी केसासारख्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांची. चुंबकाच्या क्षेत्रात फिरताना जाड गुंडाळीत करंट येतो, आणि तो अगदी जोरात असताना पॉइंट उघडतात. करंट एकदम तुटतो आणि बारीक गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका उठतो. तो प्लगला.

पण करंट तुटताना त्याला तुटायचं नसतं. तो पॉइंटच्या फटीतून उडी मारू बघतो. त्याला क्षणभर सामावून घ्यायला पॉइंटला समांतर कंडेन्सर लावलेला असतो. हा कंडेन्सर म्हाताऱ्या वयात थंड असताना ठीक वागतो, गरम झाला की गळायला लागतो. मग करंट स्वच्छ तुटत नाही, पॉइंटवर निळे चटके उडतात आणि ठिणगी अशक्त होते. गुंडाळीचं जुनं इन्सुलेशनही उष्णतेने असंच दगा देतं. आणि खरी मेख अशी की हा कंडेन्सर आर्मेचरच्या आतच बंदिस्त असतो. बाहेरून पॉइंट घासा, प्लग बदला, काही फरक नाही. आम्ही चार प्लग बदलले होते.

मग मी ठरवलं की रस्त्यावर बग शोधायचा नाही, टेबलावर आणायचा. मॅग्नेटो उतरवला, शिकंज्यात धरला, ड्रिल मशीनने योग्य दिशेने फिरवला आणि वायरचं टोक पाच मिलिमीटर फटीसमोर ठेवलं. थंड असताना झकास निळी ठिणगी. मग ताईचा हेअर ड्रायर चालू केला. बारा मिनिटांनी ठिणगी पिवळट झाली, मग गळाली, मग नाहीच. ड्रायर बंद केला, चहा झाला, पुन्हा फिरवलं तर ठिणगी हजर! मी एवढ्या जोरात ओरडलो की आई बाहेर आली, तिला वाटलं शॉक बसला. (तोही बसला, पण नंतर. बोट लांब ठेवा.)

कोल्हापूरच्या एका वाइंडिंगवाल्या काकांनी गुंडाळी नव्याने भरली, आत आजच्या काळाचा कंडेन्सर टाकला. परत आल्यावर टायमिंग लावायचं होतं. पॉइंट नेमके कधी उघडतात हे कळायला अण्णांनी सिगरेटचा पातळ कागद मागवला. पॉइंटमध्ये कागद धरायचा, इंजिन हळूच फिरवायचं, कागद सुटला की तोच क्षण. माझ्याकडे मल्टिमीटर होता. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता टेस्ट राइड. दुरुस्तीनंतर थेट घाटात जायचं नाही, हा मी स्वतःला घातलेला नियम. आधी गल्लीत पाचशे मीटर, आणि लगेच थांबून सगळीकडे हात लावून बघायचं: चाकाचे हब गरम होतायत का, चेन ताठ आहे का, कुठला नट सैल झालाय का. तेलटाकीचं झाकण उघडून तेल परत येतंय का तेही. इथे तेल इंजिनखाली साठत नाही, वेगळ्या टाकीतून जाऊन पुन्हा टाकीत येतं. येत नसेल तर इंजिन लगेच बंद करायचं. मग मेणवलीपर्यंत, मग धोम धरणापर्यंत. मधे एका वेळी एकच बदल, आणि मोबाईलवर नोंद. सोबत प्लग, पाना, तार, आणि इन्फ्रारेड थर्मामीटर, कोविडमध्ये कपाळावर धरायचे त्याचाच कारखान्यातला भाऊ. धोमपर्यंत मॅग्नेटो ५० अंशांच्या पुढे गेला नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता घाटाला लागलो. किक मारायचा विधी असा: पेट्रोल चालू, कार्ब्युरेटरचा टिकलर दाबून थोडं ओलं करायचं, हॅंडलवरचा इग्निशनचा लिव्हर मागे घ्यायचा म्हणजे ठिणगी उशिरा पडते आणि किक उलटी पायावर येत नाही. मग कॉम्प्रेशन शोधायचं, व्हॉल्व्ह लिफ्टर दाबून त्याच्या जरा पुढे जायचं, आणि एक लांब किक. चालू झाली की लिव्हर पुढे. तुमच्या स्कूटरमध्ये हे काम चिप करते, इथे चिप म्हणजे तुमचा डावा अंगठा.

पहिली वळणं सुंदर गेली. मग साधारण मध्यावर जोर कमी वाटायला लागला. दुसऱ्या गिअरवर यावं लागलं. पायाला सिलिंडरची धग जाणवत होती. साइड व्हॉल्व्ह इंजिनात एक्झॉस्टचा मार्ग सिलिंडरच्या अंगातूनच जातो, त्यामुळे चढावर हळू चालताना ते मुळातच तापतं, पण हे जास्त होतं. बाजूला घेतली. मॅग्नेटो ६८ अंश. एक्झॉस्ट पाइप निळा पडलेला. पोटात गोळा आला. मनात मुंबईच्या गिऱ्हाइकाला गाडी देऊनही झाली.

पण इंजिन बंद पडलं नव्हतं! चालूच होतं, मिसही होत नव्हतं. लक्षण वेगळं होतं, आणि मी घाबरून जुनंच निदान चिकटवत होतो. काय करावं सुचेना, म्हणून चालू इंजिनाचा वीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"आवाज बसलाय," अण्णा म्हणाले. "ॲडव्हान्स कुठंय तुझा?"

"पुढे आहे अण्णा."

"बघ आधी, मग बोल."

बघितलं. लिव्हर निम्म्याच्या वर मागे सरकलेला. त्याचा घट्टपणा ठेवणारा स्क्रू मी सकाळी सैल सोडला होता आणि धक्क्यांनी तो हळूहळू मागे येत गेला. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल सिलिंडरमध्ये जळायचं ते एक्झॉस्टच्या तोंडाशी जळत राहतं. जोर कमी, ताप जास्त. गाडीचा दोष शून्य, पूर्ण यूजर एरर. स्क्रू नाण्याने घट्ट केला, लिव्हर पुढे केला, आणि आवाज उघडला. हे दोन्ही आवाज मी एपिसोडमध्ये एकामागोमाग लावलेत, इअरफोनवर ऐका, फरक कळेल.

बाबांची अट 'न थांबता' होती, ती मोडलीच. तरी वर गेलो. पांचगणीला मुद्दाम इंजिन बंद केलं आणि दहा मिनिटं थांबलो. ही परीक्षा सगळ्यात कठीण, कारण गाडी थांबली की वारा थांबतो आणि सिलिंडरची उष्णता मागच्या मॅग्नेटोत शिरते. तापमान बंद केल्यावर वाढतं! ७४ अंश दाखवत होतं. जुना कंडेन्सर असता तर इथे अर्धा तास बसावं लागलं असतं. किक मारली. पहिल्याच किकला चालू. शेजारी मक्याचं कणीस भाजणाऱ्या मावशी दचकल्या, त्यांची माफी मागितली, कणीस घेतलं.

उतरताना दुसरा गिअर आणि इंजिनचाच ब्रेक, कारण त्या छोट्या ड्रमांवर १६५ किलो अधिक मी हा भार पूर्ण घाटभर टाकण्यात अर्थ नाही. सव्वादहाला अंगणात. अण्णा ओट्यावर बसलेले, त्यांनी गाडी वळणावर असतानाच ओळखली असणार. मी बाबांना खरं ते सांगितलं, एकदा थांबलो, चूक माझी होती, बंद पडली नाही. बाबा "हं" एवढंच म्हणाले आणि आत गेले.

त्यांनी मुंबईला फोन केला की नाही ते मी अजून विचारलेलं नाही. पण रविवारी सकाळी उठून बघतो तर गाडीखाली तेल गळतं तिथे जुनी परात सरकवलेली होती, आणि आई म्हणाली, ती बाबांनीच माळ्यावरून काढली.